हॅशटॅग सारखाच, यादी वेगळी

समजा, अलिबागच्या एका पक्षिनिरीक्षकाने सकाळी खाडीवर टिपलेला खंड्याचा फोटो मॅस्टोडॉनवर टाकला आणि खाली #पक्षी असा टॅग दिला. नाशिकची त्याची एक मैत्रीणही मॅस्टोडॉनवर आहे, तिलाही पक्ष्यांचे वेड. ती #पक्षी उघडून बघते, तर हा फोटो तिथे नाहीच. जर्मनीत राहणाऱ्या तिसऱ्या मित्राला मात्र त्याच क्षणी, त्याच टॅगखाली तो दिसतो आहे. कोणी कोणाला ब्लॉक केलेले नाही, इंटरनेट ठणठणीत आहे, टॅगचे स्पेलिंगही तेच. मग खंड्या नाशिकला का पोचला नाही?

इन्स्टाग्राम किंवा एक्सवर वावरणाऱ्याला पहिली शंका अल्गोरिदमची येते. कंपनीने फोटो दाबला असेल! मॅस्टोडॉनवर असा संशय घ्यायला जागा नाही, कारण तिथे पोस्टी काळाच्या क्रमाने दिसतात आणि दाबणारी एक कंपनीच नसते. पण नेमके तेच, म्हणजे मध्यवर्ती कोणी नसणे, हे या कोड्याचे मूळ आहे.

एक नाव, हजारो सर्व्हर

मॅस्टोडॉन ही एक वेबसाइट नव्हे. यूजेन रॉखको या जर्मनीतल्या तरुणाने 2016 मध्ये लिहिलेले ते एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते उतरवून घेऊन कोणीही आपला सर्व्हर सुरू करू शकतो. एखादे विद्यापीठ, पत्रकारांचा गट, चार मित्र किंवा एकटा हौशी माणूसही. म्हणूनच तिथल्या पत्त्याचे दोन भाग असतात: आपले नाव आणि आपण ज्या सर्व्हरवर राहतो त्याचे नाव. हे सगळे सर्व्हर एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब नावाच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी 2018 मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केले. फोटोंसाठीचे पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठीचे पीअरट्यूब हेही तीच भाषा बोलतात. या सगळ्या गोतावळ्याला फेडिव्हर्स म्हणतात.

भारतात हे नाव पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर ऐकू आले ते 2019 च्या नोव्हेंबरात. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले. नाझी सलाम ठोकणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभ्या असलेल्या एका कामगाराचे गाजलेले छायाचित्र त्यांनी लावले होते, हे त्याचे निमित्त. संतापलेले कित्येक भारतीय तेव्हा मॅस्टोडॉनवर गेले. त्यांतले बरेचसे काही आठवड्यांत परतले. 2022 च्या ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभरातून दुसरी, फार मोठी लाट आली. दोन्ही वेळी नवख्यांची एक तक्रार सारखीच होती: ‘इथे कोणी दिसतच नाही.’ माणसे होती. ती दिसत नव्हती, आणि या दोन गोष्टींतला फरक समजला की हॅशटॅगचेही बरेचसे समजते.

पोस्ट जाते कुठे?

अलिबागच्या माणसाने ‘प्रकाशित करा’ म्हटल्यावर त्याचा सर्व्हर ती पोस्ट सगळ्या जगाला पाठवत नाही. त्याला फॉलो करणारे लोक कोणकोणत्या सर्व्हरांवर आहेत ते पाहून तेवढ्याच सर्व्हरांना तिची प्रत पाठवतो. त्याचे चाळीस फॉलोअर बारा सर्व्हरांवर विखुरलेले असतील, तर बारा ठिकाणी प्रत जाते. ज्या सर्व्हरवर त्याला फॉलो करणारा एकही जण नाही, त्या सर्व्हरला ती पोस्ट अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते.

प्रत्येक सर्व्हर म्हणजे एकेका गावचे वाचनालय समजा. प्रत्येकाचे स्वतःचे कपाट, स्वतःची कार्डांची पेटी. नाशिकच्या वाचनालयात ‘पक्षी’ या विषयाचे कार्ड काढले तर त्यावर नाशिकच्या कपाटातलीच पुस्तके लिहिलेली असणार. अलिबागच्या वाचनालयात त्याच विषयावर सुंदर पुस्तक असले तरी नाशिकच्या कोणीतरी ते मागवल्याशिवाय या कार्डावर त्याची नोंद होत नाही. कार्डावरचा शब्द दोन्हीकडे तोच, पेट्या वेगळ्या.

हॅशटॅग हे ते विषयाचे कार्ड आहे. तो पोस्ट उचलून कुठे नेत नाही. पोस्ट जिथे पोचलेली असते, तिथल्या यादीत तिची नोंद तेवढी करतो. जर्मनीतल्या मित्राच्या सर्व्हरवर अलिबागकराला फॉलो करणारे कोणीतरी आधीच होते म्हणून फोटो तिथे गेला आणि टॅगखाली दिसला. नाशिकच्या सर्व्हरवर तसे कोणी नव्हते. मैत्रीणच त्याला फॉलो करायची राहिली होती!

इथे एक ऐतिहासिक गंमत सांगण्यासारखी आहे. 2007 च्या ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर # वापरून विषय नोंदवावेत असे सुचवले, तेव्हा त्यांच्यासमोर आयआरसीचा नमुना होता. 1988 मध्ये फिनलंडमध्ये जन्मलेली ही गप्पांची व्यवस्थाही अनेक सर्व्हरांची मिळून होती. तिथे # ने सुरू होणारा कट्टा जोडलेल्या सगळ्या सर्व्हरांना ठाऊक असे, आणि एकाच सर्व्हरपुरत्या कट्ट्यासाठी & हे वेगळे चिन्ह होते. त्या हिशेबाने आज मॅस्टोडॉनवर # जे काम करतो आहे, ते पूर्वीच्या & च्या बरेच जवळचे आहे.

मग टॅग देऊन फायदा काय?

भरपूर. किंबहुना मध्यवर्ती जाळ्यापेक्षा इथे टॅगची गरज जास्त आहे. एक्सवर टॅग दिला नाही तरी मजकुरातल्या शब्दांवरून पोस्ट शोधता येते, आणि अल्गोरिदम ती आपणहून चार अनोळखी लोकांपुढे नेऊन ठेवतो. मॅस्टोडॉनने कितीतरी वर्षे इतरांच्या मजकुरात शब्द शोधायची सोयच मुद्दाम ठेवली नव्हती. शब्द शोधून माणसे हुडकायची आणि मग त्यांच्यावर तुटून पडायचे, हा ट्विटरवरचा प्रकार टाळण्यासाठी. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या 4.2 या आवृत्तीपासून मजकुराचा शोध घेता येतो, पण ज्यांनी आपल्या सेटिंगमध्ये तशी परवानगी दिली आहे त्यांच्याच पोस्टींचा आणि ज्या सर्व्हरने ही सोय बसवली आहे तिथेच. त्यामुळे टॅग हा तिथे एक प्रकारचा होकारही असतो: ही पोस्ट अनोळखी माणसाला सापडली तरी मला चालेल.

दुसरे असे की, नोव्हेंबर 2022 च्या 4.0 आवृत्तीपासून माणसासारखाच टॅगही फॉलो करता येतो. #पक्षी फॉलो केला की त्या टॅगच्या नव्या पोस्टी थेट आपल्या मुख्य टाइमलाइनवर येऊ लागतात. अट तीच, त्या आपल्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्या हव्यात. शिवाय फॉलो केल्यानंतरच्याच येतात, जुन्या मागून येत नाहीत. ज्यांना रोज टॅगचे पान उघडायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ही सोय म्हणजे पर्वणी आहे.

ट्रेंडिंगची हाव मात्र इथे सोडून द्यावी. मॅस्टोडॉनवर ट्रेंड असतात, पण तेही सर्व्हरागणिक वेगळे, आणि नवा टॅग त्या यादीत झळकण्याआधी साधारणपणे तिथल्या मॉडरेटरने तो पाहून मंजूर करायचा असतो. ठरावीक वेळी शेकडो खात्यांवरून एकच टॅग ओतून ‘देशात पहिला’ आणण्याचा जो उद्योग आपल्याकडे चालतो, त्याला इथे गिऱ्हाईक नाही. मला विचाराल तर ही उणीव नसून मोठी सोय आहे.

मराठीत टॅग लिहिताना

टॅगविषयीचा बहुतेक सल्ला इंग्रजी लिहिणाऱ्यांनी इंग्रजी लिहिणाऱ्यांना दिलेला असतो. मराठीचे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते कोणी फारसे सांगत नाही.

पहिला प्रश्न विभक्तीचा. इंग्रजीत शहराच्या नावाआधी # ठोकून वाक्य तसेच पुढे नेता येते, कारण नाव बदलत नाही. मराठीत ‘#पुण्यात आज गारा पडल्या’ असे लिहिले की टॅग तयार होतो तो #पुण्यात. #पुणे फॉलो करणाऱ्याला ही पोस्ट मिळणार नाही. #पुण्यातील, #पुण्याचा, #पुण्याहून हे सगळे यंत्राच्या लेखी वेगवेगळे विषय आहेत. हॅशटॅगला सामान्यरूप कळत नाही. म्हणून मराठीत वाक्य नैसर्गिकपणे लिहावे आणि टॅग शेवटी, मूळ रूपात, वेगळ्या ओळीवर द्यावेत. मॅस्टोडॉनच्या अलीकडच्या आवृत्त्या शेवटच्या ओळीतले टॅग मजकुरापासून अलग करून खाली नीट मांडतात, त्यामुळे पोस्ट टॅगांनी बरबटलेलीही दिसत नाही.

दुसरा प्रश्न शब्द जोडण्याचा. टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, आडवी रेघ आली की टॅग तिथेच संपतो. चालते ती खालची रेघ. पण मग #पक्षीनिरीक्षण, #पक्षिनिरीक्षण आणि #पक्षी_निरीक्षण असे तीन टॅग होतात, तिघांचे वाचक वेगळे. ऱ्हस्व-दीर्घाच्या शंका मराठी माणसाला आयुष्यभर पुरतात, तेव्हा जोडशब्दाचा टॅग करण्याऐवजी #पक्षी आणि #निसर्ग असे दोन छोटे, सरळ शब्द द्यावेत. चूक व्हायला जागा कमी, सापडण्याची शक्यता जास्त.

तिसरा प्रश्न डोळ्यांना दिसतच नाही. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, त्यासाठी असलेले ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे अक्षरे जोडणारी एक अदृश्य खूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द दिसतात. ‘ॲप’मधल्या ॲ ची तीच कथा: त्याला स्वतंत्र अक्षर आहे, आणि अ वर चंद्र ठेवूनही तो लिहिला जातो. फोनचा कीबोर्ड एक प्रकार वापरतो, लॅपटॉपचा दुसरा, आणि एकाच माणसाच्या पोस्टी दोन याद्यांत विभागल्या जातात. अदृश्य खुणेपाशी टॅग मधूनच तुटू शकतो तो वेगळाच. उपाय साधा आहे: टॅग टंकताना सर्व्हर खाली जे आधीचे टॅग सुचवतो त्यांतला जास्त वापरला गेलेला निवडावा. पोस्ट टाकल्यावर एकदा टॅगवर बोट ठेवून पाहावे. पानावर फक्त आपलीच पोस्ट दिसली तर काहीतरी निराळे टंकले गेले आहे, किंवा आपण त्या विषयातले पहिलेच आहोत.

रोमन लिपीचे काय? माझे मत, दोन्ही द्यावेत. देवनागरीतला #मराठी हा मराठी वाचणाऱ्यांसाठी, आणि रोमन लिपीतला तोच शब्द त्यांच्यासाठी ज्यांच्या फोनवर मराठी कीबोर्डच नाही. परदेशातल्या मराठी घरांत असे पुष्कळ असतात. रोमन टॅगमध्ये जोडशब्द असेल तर प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहावे. शोधताना लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, पण अंध व्यक्ती वापरतात ते पडदावाचक सॉफ्टवेअर त्यामुळे शब्द वेगळे ओळखते. डोळस माणसांचीही फसगत टळते. 2013 च्या एप्रिलमध्ये मार्गारेट थॅचर गेल्या तेव्हा ‘आता थॅचर नाहीत’ अशा अर्थाचा एक सलग, लहान अक्षरांतला इंग्रजी टॅग फिरला. अक्षरे चुकीच्या जागी तोडून अनेकांनी तो ‘आता शेर नाही’ असा वाचला आणि धडधाकट असलेल्या गायिका शेर यांच्यासाठी शोक सुरू झाला. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, म्हणून तिथे लांब टॅग टाळणे किंवा खालची रेघ वापरणे एवढेच हाती उरते.

किती टॅग द्यावेत याला नियम नाही. मेटाच्या थ्रेड्सवर एका पोस्टीला एकच टॅग देता येतो. मॅस्टोडॉनवर तसे बंधन नाही, पण साधारण पाचशे अक्षरांच्या पोस्टीत पंचवीस टॅग लावले की लोकांना ते विक्रेत्याचे खाते वाटते. दोन ते चार पुरेत: एक रुंद विषयाचा, एक अरुंद, जमल्यास एक ठिकाणाचा.

पोहोच वाढते ती माणसांमुळे

आता पुन्हा नाशिककडे वळू. टॅग बरोबर लिहिला तरी पोस्ट त्या सर्व्हरवर जायला कारण लागते. कारणे तीन-चारच आहेत. तिथला कोणी लेखकाला फॉलो करतो. तिथल्या कोणीतरी फॉलो केलेली दुसरी एखादी व्यक्ती ती पोस्ट बूस्ट करते, म्हणजे आपल्या फॉलोअरांकडे पुढे पाठवते. किंवा तिथला एखादा सदस्य पोस्टीची लिंक आपल्या सर्व्हरच्या शोधाच्या चौकटीत चिकटवतो. तसे केले की सर्व्हर जाऊन ती पोस्ट घेऊन येतो, आणि त्यानंतर ती तिथल्या टॅगच्या यादीतही दिसू लागते. चौथा मार्ग सर्व्हर चालवणाऱ्यांच्या हातात आहे: रिले. रिले हा मधला दलाल. त्याला जोडलेल्या सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्टी तो एकमेकांना वाटतो. लहान सर्व्हरांना त्याचा चांगला उपयोग होतो, पण साठवणुकीचा आणि यंत्राचा खर्चही वाढतो, म्हणून सगळेच चालक ते करत नाहीत.

यातला बूस्ट सर्वांत महत्त्वाचा आणि नवखे लोक सर्वांत कमी वापरतात तोही हाच. इतरत्र ‘लाइक’ केल्याने अल्गोरिदमला इशारा मिळतो. मॅस्टोडॉनवर हृदयाच्या किंवा चांदणीच्या खुणेने लेखकाला बरे वाटते, पोस्ट मात्र त्यामुळे नव्या सर्व्हरवर पोचत नाही. तुम्हाला आवडलेली मराठी पोस्ट इतर मराठी वाचकांच्या टॅगच्या यादीत यावी असे वाटत असेल, तर ती बूस्टच करायला हवी. प्रत्येक बूस्ट एखाद्या नव्या सर्व्हरचे दार उघडू शकतो.

नवीन खाते उघडणाऱ्याने पहिली पोस्ट ओळखीची टाकावी अशी तिथे प्रथा आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘इंट्रोडक्शन’ हा ठरलेला टॅग आहे. त्यासोबत आपल्या आवडीनिवडीचे चार टॅग देऊन ती पोस्ट आपल्या प्रोफाइलवर वरती पिन करून ठेवायची. दुसरी बाजू शोधणाऱ्याची. आपल्या सर्व्हरवर एखादा टॅग ओसाड दिसला तर मोठ्या सर्व्हरचे त्याच टॅगचे पान ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. अनेक सर्व्हरांची ही पाने लॉगिन न करताही दिसतात. जिथे सदस्य जास्त, तिथून फॉलो केलेले लोकही जास्त, म्हणून यादी भरगच्च. तिथे जी चांगली माणसे सापडतील त्यांना आपल्या खात्यावरून फॉलो करावे. आपल्या एकट्याच्या या कृतीने आपल्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्याच याद्या भरतात. ब्लूस्कायवर हा खटाटोप लागत नाही, कारण तिथली रचना वेगळी आहे: पोस्टी रिलेमार्फत गोळा होऊन एका मोठ्या सूचीत जातात. सोय अर्थातच जास्त, पण ती सूची चालवणारा मध्ये आलाच.

> चौकट: पोस्ट टॅगखाली दिसत नाही? हे तपासा
>
> पोस्ट ‘सार्वजनिक’ आहे का? ‘शांत सार्वजनिक’ किंवा फक्त फॉलोअरांसाठी ठेवलेली पोस्ट टॅगच्या यादीत येत नाही. पोस्टींची मालिका लिहिताना अनेक जण पहिलीच सार्वजनिक ठेवतात, म्हणून टॅग पहिलीत तरी हवाच.
>
> # च्या आधी मोकळी जागा आहे का? आधीच्या शब्दाला चिकटलेला # टॅग बनत नाही.
>
> टॅग नुसत्या आकड्यांचा तर नाही? #2025 चालत नाही, #वारी2025 चालतो.
>
> बघणारा कोणत्या सर्व्हरवर आहे? तिथे तुम्हाला फॉलो करणारे कोणी नसेल, किंवा त्या सर्व्हरने तुमच्या सर्व्हरशी संबंध तोडलेला असेल, तर टॅग निर्दोष असूनही पोस्ट तिथे नसते.

न पाहण्यासाठीचा टॅग

टॅग आपण लोकांनी आपल्याला शोधावे म्हणून देतो. मॅस्टोडॉनवर त्याची उलटी बाजू तितकीच वापरली जाते. ज्यांना तो विषय नको आहे त्यांना तो टाळता यावा, यासाठीही टॅग द्यायचा.

सेटिंगमध्ये फिल्टर म्हणून सोय आहे. तिथे एखादा शब्द किंवा टॅग नोंदवला की तो असलेल्या पोस्टी एक तर सूचनेच्या पडद्याआड जातात किंवा दिसतच नाहीत. फिल्टरला मुदतही घालता येते: अर्ध्या तासापासून आठवड्यापर्यंत, किंवा कायमची. पण फिल्टर शब्द जुळवतो, त्याला आशय कळत नाही. आयपीएलच्या रात्री कोणी ‘काय मारलाय!’ लिहितो, कोणी ‘शेवटची ओव्हर बघा रे’, कोणी नुसतेच कपाळ बडवल्याचे चित्र टाकतो. या तिघांना एकत्र बांधणारा शब्द त्यांच्या मजकुरात नाहीच. सामन्यावर लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी #आयपीएल जोडला, तर ज्याला कामावरून घरी जाऊन सामना सुरुवातीपासून बघायचा आहे तो सहा तासांचा फिल्टर लावून निवांत राहू शकतो. बिग बॉसच्या घरातून आज कोण बाहेर पडले, नव्या चित्रपटाचा शेवट काय झाला, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशीचा गदारोळ, सगळ्याला हे लागू आहे. म्हणून एकाच वेळी वीस पोस्टी टाकणार असाल, तर पहिलीलाच नव्हे, विसावीलाही टॅग द्या. तुमच्या विसाव्या पोस्टीने वैतागून तुम्हाला अनफॉलो करण्याऐवजी वाचक तो टॅग सामना संपेपर्यंत मिटून ठेवेल आणि उद्या सकाळी तुमचा खंड्या बघायला हजर असेल.